खंडेनवमीचा प्रिंटर

ऑफिस बंद करायचं ठरलं तेव्हा मी बायकोला म्हणालो होतो, चार दिवसांचं काम आहे. आठवा दिवस उजाडला तरी मी एक कपाट उघडत होतो, ते तसंच सोडून दुसरं उघडत होतो, आणि मधेच खिडकीपाशी जाऊन खाली शाहूपुरीच्या गल्लीत बघत उभा राहत होतो. कशात जीव लागत नव्हता. खुर्च्या तर मी पहिल्याच दिवशी देऊन टाकल्या होत्या, त्यामुळं निवांत बसायचं म्हटलं तरी सोय नव्हती.

इमारत पाडून नवी बांधणार आहेत. मीही चौसष्ट वर्षांचा झालोय, आणि आमचं काम तर माझ्याही आधी म्हातारं झालं. तीस वर्षं आम्ही साखर कारखान्यांसाठी ऊसनोंदणीच्या याद्या छापल्या. कुठल्या गावात कुणाच्या रानात ऊस आहे, लावण कधीची, तोड कधी येणार, असलं सगळं. शाळांचे निकाल छापले, दूध संस्थांच्या सभासदांच्या याद्या छापल्या. आता कारखान्याचा माणूस बांधावर उभा राहून हे सगळं मोबाइलमध्ये भरतो. माझी काही तक्रार नाही. म्हणजे आहे, पण ऐकून घ्यायला कुणी उरलेलं नाही.

प्रश्न जुन्या सामानाचा होता. भंगारवाला एका फेरीत सगळं उचलायला तयार होता, पण माझं मन धजेना. दर खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आम्ही या यंत्रांची पूजा करायचो. शेतकरी नांगराची करतो, लोहार ऐरणीची करतो, आम्ही कॉम्प्युटरची. जुन्या मॉनिटरांच्या कपाळावर हळदीकुंकवाचे डाग अजून आहेत, कीबोर्डच्या फटीत झेंडूच्या वाळक्या पाकळ्या आहेत. असलं सामान वजनकाट्यावर चढवायचं म्हणजे मला कसंतरीच वाटत होतं. म्हणून जुन्या स्टाफच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं, ‘ज्याला जे आठवण म्हणून हवं असेल ते येऊन घेऊन जा. फुकट. घरी गेल्यावर बोलणी बसली तर मी जबाबदार नाही.’

लोक आले. एकानं फ्लॉपींचा डबा नेला आणि पोटात गोळी असलेला उंदीर, म्हणजे माऊस, नेला. एकीनं माझ्या बायकोनं पडद्याच्या उरलेल्या कापडातून शिवलेली कॉम्प्युटरची कव्हरं नेली. फोन लावला की किंचाळणारा मोडेम एक जण चक्क छातीशी धरून गेला. ‘चपला बाहेर काढाव्यात’ या पाटीवरून तिघांत भांडण लागलं. शेवटी ज्याच्या चपला इथूनच दोनदा चोरीला गेल्या होत्या त्याला ती दिली. हसणं-खिदळणं झालं, खालून चहा आला, आणि ते गेले की मी पुन्हा कपाट उघडत आणि लावत बसलो.

तिसऱ्या दिवशी ग्रुपवर एकच ओळ आली. ‘मोठा प्रिंटर कुणी नेणार नसेल तर मी नेते.’

नाव मी दोनदा वाचलं. तिला या ग्रुपमध्ये कुणी घेतलं हेही मला ठाऊक नव्हतं. पंचवीस वर्षांपूर्वी ती आमच्याकडे ऑपरेटर होती, वर्षभरच. राधानगरीकडच्या एका गावातून एसटीनं यायची, डब्यात भाकरी आणायची, आणि याद्या भरण्यात तिचा हात असा चालायचा की बाकीचे तिच्याशी पैज लावायचे बंद झाले होते. आणि मोठा प्रिंटर म्हणजे तोच, ज्याच्यापायी ती गेली. ऑफिसात पन्नास वस्तू होत्या. हिला नेमका तो कशाला पाहिजे होता?

झालं होतं ते असं. तो प्रिंटर आमचा राजा होता. दोन माणसांनी उचलायचा, लांबरुंद कागदावर खडखडाट करत छापायचा, छापायला लागला की खालच्या मजल्यावरचे लोक वर बघायचे. लोखंडी अँगलच्या स्टँडवर तो बसवला होता. त्या वर्षी खंडेनवमीला पूजेची सगळी मांडणी तिनं केली. पहाटेच्या गाडीनं येऊन तिनं यंत्रं पुसली, झेंडूचे हार ओवले, प्रिंटरच्या शेजारी पाण्यानं भरलेला तांब्या विड्याची पानं लावून ठेवला. तिचे वडील आबाही त्या दिवशी आले होते. दसऱ्याच्या सुट्टीला तिला घरी न्यायला आलेले, दाराजवळच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेले. आम्ही त्यांना पेढा दिला, तो त्यांनी कागदात गुंडाळून खिशात ठेवला.

पूजा झाली, प्रसाद झाला. कारखान्याच्या याद्या दसऱ्यानंतर लगेच द्यायच्या होत्या म्हणून मी लगोलग प्रिंटर चालू केला. आत चर्र झालं, जळका वास आला आणि यंत्र बंद पडलं. ते परत कधीच चालू झालं नाही.

माझा राग तेव्हा नाकावरच असायचा, आताही फार लांब गेलेला नाही. समोर पाण्याचा तांब्या होता, तो तिनं ठेवला होता, विषय संपला. मी सगळ्यांच्या देखत ओरडलो. काय ओरडलो ते मला शब्दन् शब्द आठवतं, ते आठवू नये असं फार वाटतं. “हिला यंत्राजवळ पाणी ठेवायला कुणी सांगितलं? हिच्या हातानं एक मशीन धड राहायचं नाही! हिला हात लावू देऊ नका कशाला!” शेजारच्या ऑफिसांतले लोक दारात येऊन उभे राहिले. ती भिंतीला टेकून उभी होती, हातात प्रसादाचं ताट तसंच. आणि बाकावरून आबा उठले. पिशवी खाली ठेवली, माझ्यासमोर आले आणि दोन्ही हात जोडून म्हणाले, “साहेब, चुकलं पोरीचं. पदरात घ्या.”

मी तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. ते माझ्या वडिलांच्या वयाचे नसले तरी धाकट्या चुलत्याच्या वयाचे नक्की होते. मी “बरं बरं” म्हणालो आणि फोन करायला वळलो.

दसऱ्यानंतर ती आली नाही. मी तिला काढलं नव्हतं, असं मी बरीच वर्षं लोकांना सांगायचो, जणू काही उपकारच केले होते. कंपनीचा माणूस पुण्याहून चार दिवसांनी आला, त्यानं खालचा पत्रा काढला, पाणी गेलंय, बोर्ड जळालाय, दुसरा घ्या, असं सांगितलं आणि गेला. आम्ही दुसरा घेतला. जुना राजा माळ्यावर गेला.

तर आता तिची ती ओळ. मी लिहिलं, ‘उद्या तीननंतर ये.’ मग ते पुसून ‘या’ केलं. बाकीच्यांना मी सकाळची वेळ दिली होती, तिला तीनची दिली. का, ते तेव्हा स्वतःशी कबूल केलं नाही. त्या खोलीत तिची गाठ पडेल तेव्हा आजूबाजूला जुनं कुणी नको, एवढंच कारण होतं.

निदान द्यायचा तो स्वच्छ करून द्यावा म्हणून मी मिस्त्रींना बोलावलं. हे मिस्त्री लक्ष्मीपुरीत प्रिंटर दुरुस्त करतात. वडील घड्याळं दुरुस्त करायचे, यांनी प्रिंटर धरले. आम्ही दोघांनी तो माळ्यावरून उतरवला, माझी कंबर भरून आली. त्यांनी खाली सतरंजी टाकली आणि स्क्रू काढायला लागले. मी आपला येरझाऱ्या घालत होतो.

“बसा की जरा, साहेब. डोकं गरगराय लागलं माझं.”

“कुठं बसू? खुर्च्या दिल्या सगळ्या.”

त्यांनी वरचं झाकण काढलं, कागद जिथून फिरतो तो काळा रूळ उचलला आणि थांबले. बोटं आत घातली आणि काहीतरी बाहेर काढून माझ्यापुढं धरलं. अंगठ्याएवढा करवंटीचा तुकडा. आतल्या बाजूला वाळून पिवळं पडलेलं खोबरं अजून चिकटलेलं.

“ह्यात नारळ कुणी फोडला हो?” मिस्त्री हसत सुटले. “पंचवीस वर्सं ह्यो धंदा करतोय, झुरळं बघितली, उंदराची पिल्लं बघितली, एकदा कुणाचं तरी मंगळसूत्र बघितलं. नारळ पैल्यांदाच. हे बघा, पाण्याचा वघळ पण कसा हाय. वरनं कागदाच्या फटीतनं आलाय सरळ खाली. चिकाट हाय की! साधं पाणी असतं तर असं धरलं नसतं.”

मी खाली सतरंजीवरच बसलो.

नारळ मी फोडला होता. दर वर्षी मीच फोडायचो, मालकाचा मान. एरवी जिन्यात दगडावर फोडायचो. त्या वर्षी ऑफिसात नवी फरशी बसवली होती, ती मला सगळ्यांना दाखवायची होती, म्हणून पूजा अगदी मधोमध मांडलेली. ती मुलगी नारळाचं पाणी धरायला वाटी घेऊन जवळ उभी होती आणि म्हणाली होती, “सर, भाईर जिन्यात फोडा की. हितं पाणी उडंल.” आणि मी, सगळे ऐकतायत म्हणून जरा रुबाबात, “देव आत आणि नारळ बाहेर व्हय?” असं म्हणून प्रिंटरच्या स्टँडच्या लोखंडी अँगलवर नारळ आपटला. फरशीवर कसा आपटणार, नवी होती ना. पहिल्या दोन दणक्यांत फुटला नाही. तिसऱ्या दणक्याला मी सगळा जोर लावला, नारळाच्या चिरफाळ्या झाल्या आणि पाणी चौफेर उडालं. वाटीत थेंबही पडला नाही. सगळे हसले, मीही हसलो.

हे सगळं मला माहीत होतं. आठवत नव्हतं असं मी म्हणणार नाही. नारळ, पाणी, हसणं, सगळं लक्षात होतं, आणि तांब्याही लक्षात होता. पण या दोन गोष्टी मी कधी एकमेकींशेजारी ठेवल्या नाहीत, कारण तांब्यावर काम भागलं होतं. आणि तो तांब्या उलटलाही नव्हता. ओरडताना मी त्याच्याकडे बोट दाखवत होतो आणि तो तसाच काठोकाठ भरलेला होता, पानंसुद्धा हललेली नव्हती. पाच-सहा माणसं होती तिथं, एकाच्याही लक्षात आलं नाही. किंवा आलं असेल, पण माझ्यापुढं तोंड कोण उघडणार?

करवंटी खिशात घालून मी घरी गेलो. जेवलो नाही नीट. शर्ट धुवायला टाकताना बायकोनं खिसा तपासला.

“ही काय भानगड?”

सांगितलं सगळं. तिनं ऐकून घेतलं, करवंटी टेबलावर ठेवली.

“उद्या येणार आहे ना ती? सांगून टाका मग.”

“सांगणारच आहे. शांतपणे बसून सांगीन.”

“तुमचं बरं आहे,” ती म्हणाली. “ओरडायचं गाव गोळा करून, आणि चुकलं म्हणायचं दार लावून.”

मला राग आला. खरं बोललं की येतो तसा. सकाळी करवंटी पुन्हा खिशात घातली आणि रंकाळ्याला एक फेरी मारली, बरं वाटेना म्हणून दुसरी मारली. मनात एक विचार सारखा डोकं काढत होता, तो इथं लिहायला लाज वाटते, पण लिहितो. करवंटी इथंच तळ्यात भिरकावली तर? मिस्त्री ओळखत नाहीत तिला. प्रिंटर उचलून टेम्पोत टाकायचा, चहा पाजायचा, बोळवण करायची. पंचवीस वर्षं तिनं काढलीच की. हात खिशात गेलाही होता. तो तसाच ठेवून मी घरी आलो.

तीनला पाच कमी असताना ती आली. केस पांढरे झालेले, चष्मा, खांद्याला लॅपटॉपची बॅग. राधानगरी रोडला तिचं स्वतःचं सेवा केंद्र आहे, सातबारा, आधार, पीकविमा, फॉर्म. दोन मुली कामाला आहेत. हे तिनं दारातच सांगितलं, आणि सवयीनं चपला बाहेर काढल्या, पाटी नसतानाही. मिस्त्री कोपऱ्यात प्रिंटरचे स्क्रू बसवत होते. मी त्यांना काही काम सांगून खाली पाठवणार होतो, तेवढ्यात तीच त्यांच्याजवळ जाऊन बसली.

“बंद करू नका अजून,” ती म्हणाली. “मला आत बघायचंय.”

“काय बघायचंय?” मी विचारलं.

“मी काय केलंतं ते.” ती माझ्याकडे न बघता बोलत होती. “आता माझ्याकडं चार प्रिंटर हाईत, सर. उघडते, साफ करते, बसवते. कधी एक बिघडला न्हाय माझ्या हातनं. तरी दर वेळंला झाकण काढताना वाटतं, त्या टायमाला तांब्याला धक्का लागला का काय माझा. मला आठवत न्हाय. किती आठवलं तरी आठवत न्हाय. म्हटलं, एकदा बघू तरी.”

रात्रभर जुळवलेली वाक्यं मी सोडून दिली. खिशातून करवंटी काढली आणि तिच्या हातावर ठेवली.

तिनं ती उलटीसुलटी करून बघितली. मिस्त्रींनी न विचारता ओघळ कुठून कुठं गेलाय ते स्क्रू ड्रायव्हरनं दाखवलं. तिचा चेहरा बघवत नव्हता. ती रडली नाही, मला वाटलं होतं रडेल.

“मी म्हटलंतं तुमास्नी,” ती म्हणाली. “भाईर फोडा म्हणून.”

“म्हणाली होतीस. चुकलं माझं. फार चुकलं.”

“मला सांगून काय उपेग?” ती एकदम मोठ्यानं बोलली. “मी माझं सोसलं. आबास्नी सांगा! पंचवीस वर्सं आबा मला घरातल्या एका मशीनला हात लावू देत न्हाईत. मोटरीचं बटण न्हाय, मिक्सर न्हाय. आता माझ्याकडंच असत्यात ते. बीपीचं मशीन मी इकत आणलंय, तर शेजारणीकडं जाऊन मोजून येत्यात. कानातली मशीन हाय, तिचा सेल संपला की जयसिंगपूरचा भाचा येईस्तोवर बहिऱ्यासारखं बसत्यात. म्हंत्यात, तुझा हात लागला की बिघडतंय. मोठा साहेब खोटं कशाला बोलंल?”

मी म्हणालो, “फोन लाव.”

तिनं लावला आणि स्पीकरवर ठेवला. बराच वेळ वाजला.

“आबा, माझं साहेब बोलत्यात! कोल्हापूरचं!”

“कोण?”

मी फोनजवळ तोंड नेलं. “आबा, मी तिचा पूर्वीचा साहेब. मला तुम्हाला एक सांगायचंय.”

“मोठ्यानं बोला पावणं. सेल न्हाय मशीनीत.”

मी आवाज वाढवला. तरी “आँ?” आलं. आणखी वाढवला. पुन्हा “आँ?” मग मी लाज सोडली आणि पंचवीस वर्षांपूर्वी जेवढ्यानं ओरडलो होतो तेवढ्यानंच ओरडलो.

“आबा! प्रिंटर तुमच्या लेकीनं बिघडवला नव्हता! मी बिघडवला! नारळ मी फोडला! पाणी माझ्यामुळं गेलं! ती बाहेर फोडा म्हणत होती, मी ऐकलं नाही!”

शेजारचा विमा एजंट दारात आला. वरच्या शिवणक्लासच्या दोन बायका जिन्यातून वाकून बघायला लागल्या. मिस्त्री हातातला स्क्रू ड्रायव्हर तसाच धरून उभे राहिले.

“तिचा हात चांगला आहे, आबा! माझाच वाईट होता!”

मग आबांचा आवाज आला, सावकाश.

“मग मी हात कशापायी जोडलं तवा?”

सगळे बघत होते, आणि मी त्या सतरंजीवर ठेवलेल्या फोनपुढं दोन्ही हात जोडले.

“आता त्यांनी जोडल्यात, आबा!” ती ओरडून म्हणाली.

“कुणी?”

“साहेबांनी! दोन्ही!”

पलीकडे कुठंतरी म्हैस हंबरली.

“बरं,” आबा म्हणाले. “मग बिगीनं घरला ये. कानातल्या मशीनीचा सेल बदल.”